होस्पेटचा वारा

बनशंकरी, बेंगळूर
२४ मार्च १९९७

अण्णा,

वाकून नमस्कार करायला माझी कंबर राजी नाही, तेव्हा उभ्याउभ्याच घे. आणि कृपा करून फोन करत जाऊ नकोस. परवा तू होस्पेटहून "काय? काय? मोठ्यानं बोल!" एवढंच ओरडत राहिलास. मी इकडून इतकी ओरडले की शेजारच्या नंजम्मा धावत आल्या, त्यांना वाटलं आमच्याकडे कोणी गेलं. तुझे कान आता कामातून गेले. पत्र लिही, माझं आलं की शांतपणे वाच.

तुझ्या नातीची हकीकत अशी. भूमिकाच्या औषधाचा दुसरा फेरा सुरू झाला आणि केस सगळे गेले. सहा वर्षांची पोर आरशात बघून म्हणते, "अज्जी, मी अज्जासारखी दिसते." टक्कल म्हटलं की तू आठवतोस, हा मान तुला लखलाभ असो. तुझ्या गिरीराजला महादेवपुऱ्याच्या कारखान्यात शिफ्ट, सूनबाई रम्याच्या अंगावर पिणारं बाळ, म्हणून दिवसभर इस्पितळात खाटेशी मी. शाळेत जन्मभर पोरांना गप्प बसवलं, आता एका पोरीला बोलतं ठेवायचं आहे.

डॉक्टर सांगतात, रक्ताच्या कर्करोगापेक्षा सध्या तापाची भीती जास्त. औषध रोगाबरोबर रक्तातल्या पांढऱ्या पेशीही मारतं, आणि त्या नसल्या की एरवी सर्दीवर भागणारा जंतूही जीव घेऊ शकतो. म्हणून वॉर्डात फुलं नाहीत, गर्दी नाही, हात धुतल्याशिवाय पोरांना शिवायचं नाही.

आता हात धुण्याची गंमत ऐक. बेसिनवर पाटी आहे, "हात धुवा", तीन भाषांत. खाली पाटी देणाऱ्या शेटजींचं नाव, "हात धुवा"पेक्षा मोठ्या अक्षरांत. त्याच्या खाली नळ, ठणठणीत कोरडा. या वॉर्डात घड्याळाला दाता आहे, बाकाला दाता आहे, कचऱ्याच्या डब्यावरही एका क्लबाचं नाव आहे. नळाला मात्र कोणी वाली नाही, कारण नळावर नाव घालायला जागा नसते. मोठे डॉक्टर कृष्णमूर्ती राउंडला येतात, एका पोराच्या पोटावरचा हात उचलतात आणि तसाच दुसऱ्याच्या पोटावर ठेवतात. मी घरून आणलेल्या पाण्याची बादली पुढे केली, तर हसून म्हणाले, "अम्मा, तुम्ही फार स्ट्रिक्ट."

तुला काही द्यायचंच असेल तर नळ दे. दुसरं काही पाठवू नकोस.

तुझी,
मथू


होस्पेट
३० मार्च १९९७

चि. मथुरा,

होस्पेटच्या भट्टीतून तुला खरपूस आशीर्वाद. माझे कान उत्तम आहेत. तुमच्या बेंगळूरच्या लायनी खराब आहेत.

मागल्या महिन्यात येऊन गेलो तेव्हाच मी तो वॉर्ड नीट पाहिला. खिडक्यांना जाळ्या, वर एकच पंखा, तोही विचार करत फिरणारा. पोरांची अंगं तापतात ती का? हवा नाही म्हणून. हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही, होस्पेटात उन्हाळे काढावे लागतात.

आणि नळ? मी नळ द्यायचा? उद्या लोक विचारतील, जयसिंगराव मान्यांनी नातीसाठी काय केलं हो, आणि उत्तर मिळेल, नळ! तुझी अक्कल शाळेच्या खडूपुढे कधी गेलीच नाही.

मी कूलर देतो आहे. माझ्या दुकानात येतो त्यातला सर्वांत मोठा. आत गवताच्या जाड जाळ्या, आणि पाण्याची टाकी एवढी की तू आत मांडी घालून बसशील. कै. पुष्पावतीच्या स्मरणार्थ पितळी पट्टी करायला टाकली आहे. मला येता येणार नाही, कूलरचा सीझन आहे, दुकान सोडलं तर नोकर मला विकून खातील. पण लॉरी निघेल, पाडव्याला उद्घाटन होईल, तिथल्या आपल्या मराठी मंडळाच्या श्रीधररावांना कळवलं आहे. कृष्णमूर्तींचं तर उलट टपाली पत्र आलं. लिहितात, असे दाते दुर्मीळ. बघ, शिकलेल्या माणसाला किंमत कळते.

भूमिकाची खाट कूलरच्या बरोब्बर समोर असेल. तसं मी डॉक्टरांकडून कबूल करून घेतलं आहे. दात्याच्या नातीला एवढा मान हवाच.

अण्णा


बनशंकरी, बेंगळूर
१० एप्रिल १९९७

अण्णा,

तुझा हत्ती पोचला. दारातून जाईना म्हणून वॉर्डाच्या दाराचं एक फळकुट काढावं लागलं.

अरे, बेंगळूरला कूलर? इथे आम्ही एप्रिलातसुद्धा पहाटे पांघरूण ओढतो. दुपारी स्वल्प ऊन झालं की लगेच वारा सुटतो. पण होस्पेटच्या उन्हात शिजलेल्या डोक्याला कोण सांगणार! पट्टी पाहिली. वहिनीचं नाव वर, मुंगीएवढं. खाली "दाते श्री. जयसिंगराव माने, होस्पेट", ते मात्र रस्त्यावरून वाचता येईल असं. लांबून बघणाऱ्याला वाटेल की तूच गेलास.

समारंभ थाटात झाला. वॉर्डात फुलं बंद, म्हणून कूलरलाच शेवंतीच्या माळा घातल्या. नारळ फोडला तो खाटेच्या लोखंडी पायावर. श्रीधररावांनी बटण दाबलं, हत्ती घुरघुरला आणि त्यांच्या नव्या फेट्यावर पाण्याची पिचकारी मारली. टाळ्या पडल्या. मग कृष्णमूर्तींचं भाषण, विषय, जंतूंपासून मुलांना कसं जपावं. ते बोलत होते तेव्हा मंडळाच्या बायका एकेका पोराचे गाल कुरवाळून अलाबला घेत होत्या. हात कोणाचेच धुतलेले नव्हते. धुणार कसे? नळ कोरडा होता, आणि इस्पितळातल्या होत्या नव्हत्या त्या पाण्यानं तुझी टाकी गळ्यापर्यंत भरली होती.

भूमिका म्हणते, "अज्जी, चळी! चळी!" आमच्या घरात थंडीला कन्नडच येतं तोंडी. तिला स्वेटर घातला, कानटोपी घातली, वर माझी शाल गुंडाळली. कूलरसमोर असं गाठोडं करून बसलेली पोर फोटोत बरी दिसेना, म्हणून फोटोवाल्यानं तिला वगळून फोटो काढला.

आज सकाळपासून तिला ताप आहे. चांगला सणसणीत. रक्त, लघवी, घशातला बोळा, सगळं तपासायला गेलं. कृष्णमूर्ती म्हणाले, या पोरांना असा ताप येतो, पुष्कळदा कारण सापडत नाही. अंगात सुई आहे, सुईतून औषध चाललं आहे. मला भीती वाटते, अण्णा. थट्टा करते ती रडू येऊ नये म्हणून करते.

मथू


होस्पेट
१६ एप्रिल १९९७

चि. मथुरा,

ताप येणारच. कूलर बंद ठेवत असशील! गिरीराजनं फोनवर सांगितलं की संध्याकाळी तू बटण बंद करून घेतेस. अगं, यंत्र चालवायला असतं. दिवसरात्र चालू राहिलं पाहिजे, पाणी अर्ध्यावर आलं की वरून भर घालायची, बस्स. माझ्या दुकानाचा कूलर आहे, त्याला काही होत नाही.

आणि दृष्ट लागली आहे ती श्रीधररावांच्या बायकोची. तिला फोटोत पुढे उभं केलं नाही म्हणून तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या असतील.

कृष्णमूर्तींना मी शेजारच्या वॉर्डालाही असाच एक कबूल केला आहे. ते फार खूष आहेत. पट्टी रोज पुसतात का? पितळ आहे, काळं पडतं. पॉलिशची डबी पाठवली आहे, ती तू स्वतःकडे ठेव.

पोरीला सांग, हा अज्जाचा वारा आहे. तापाचं रोज कळव.

अण्णा


बनशंकरी, बेंगळूर
२ मे १९९७

अण्णा,

आधी बातमी. भूमिकाचा ताप उतरला. काल घरी आणली. दोन आठवड्यांपूर्वी डोळे उघडत नव्हती, आज उप्पिट्टू नको, दोसा हवा म्हणून माझ्या अंगावर ओरडली. मी देवघरात जाऊन पोटभर रडून घेतलं.

आता कसा उतरला ते सांगते, रागावू नकोस. तुझ्या मानाच्या जागेवरून मी तिला हलवली. ती कुडकुडत होती ते मला बघवेना. खिडकीजवळ कोपऱ्यात दामोदर नावाचा पाच वर्षांचा पोर होता, आनेकलकडचा, हाच आजार. त्याची आई कृष्णाबाई शेवंतीच्या मळ्यात कामाला जाते. घरी मराठीच बोलतात, आपल्याहून स्वल्प वेगळी. मी म्हटलं, बाई, खाट बदलतेस का? तिनं माझे हातच धरले. "अक्का, एवढा गार वारा आमच्या दामूला? त्या मोठ्या सायबांच्या नातीची जागा?" तिच्या घराला पत्रा आहे, उन्हाळ्यात आत बसवत नाही म्हणाली. अण्णा, अखेर तुझ्या कूलरला मनापासून खूष झालेलं एक माणूस भेटलं. मी मोठी शहाणी, एका दगडात दोघांचं भलं केलं.

बाकी वॉर्डाचं काही खरं नाही. एकाचा ताप उतरतो तोवर दुसऱ्याला भरतो. रिपोर्ट येतात ते कोरे. कृष्णमूर्ती प्रत्येकाला तेच सांगतात, "कारण अज्ञात." मी शाळेत पोरांना "माहीत नाही" म्हटल्यावर बाकावर उभं करत असे. हे म्हणतात तर त्यांना लोक नमस्कार करतात. डॉ. भव्या म्हणून एक तरुण डॉक्टर आहे, ती तेवढी अस्वस्थ दिसते.

जूनच्या मध्याला भूमिकाला पुढच्या फेऱ्यासाठी परत जायचं आहे. तोवर दोसे.

मथू


होस्पेट
८ मे १९९७

मथुरा,

तुला कोणी सांगितलं होतं खाट हलवायला? तुझ्या वहिनीच्या नावाचा वारा, तो तिच्या नातीला सोडून वाटेवरच्याला? ताप औषधानं उतरला, तू खाट हलवलीस म्हणून नव्हे. लहानपणापासून माझं काही चांगलं झालेलं तुला सहन होत नाही. बापूंनी मला सायकल घेतली तेव्हाही तू आठवडाभर जेवली नव्हतीस.

मी कृष्णमूर्तींना लिहिलं आहे. जूनमध्ये भूमिका येईल तेव्हा कूलरसमोरची खाट तिचीच. त्यांनी शब्द दिला आहे. त्यात तू ढवळाढवळ करायची नाही. दुसऱ्या कूलरची पट्टीही तयार झाली.

अण्णा


बनशंकरी, बेंगळूर
३० मे १९९७

अण्णा,

हे पत्र दुकानात वाचू नकोस. घरी जा, बस, मग वाच.

मधे तुझ्या हत्तीची मोटर जळाली. तो बंद होता तेवढे दिवस वॉर्डात नवा ताप कोणाला आला नाही. हे मला दामूला बघायला गेले तेव्हा कृष्णाबाईनं सांगितलं, तीही हळहळत, की बघा ना अक्का, वारा नाही पण पोरं बरी आहेत. मग तू होस्पेटहून मिस्त्री धाडलास. त्यानं मोटर नवी घातली, पाणी तेच ठेवलं. हत्ती घुरघुरला आणि आठवड्याच्या आत पोरं पुन्हा तापली. दामू त्यात पहिला.

मी डॉ. भव्याला म्हटलं, मला तुमचं शास्त्र येत नाही, पण हे यंत्र उघडा. तिनं स्वतः बाजूची जाळी काढली. आत काय होतं सांगू? गवतावर काळा शेवाळी थर, टाकीत बुळबुळीत हिरवं पाणी, तळाशी पाडव्याच्या शेवंतीच्या पाकळ्या कुजलेल्या आणि एक पाल. तू सांगितलंस तसं सगळ्यांनी केलं होतं. अर्ध्यावर आलं की वरून भर. तळ कोणी उपसलाच नाही. भव्या म्हणाली, अशा साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात, पंखा ते बारीक तुषारांबरोबर पोरांच्या नाकातोंडात फेकतो. निरोगी माणसाला काही होत नाही. या पोरांना होतं. पाण्याचा नमुना आणि दामूचं रक्त तिनं तपासायला पाठवलं आहे.

ती कृष्णमूर्तींकडे गेली. ते म्हणाले, रिपोर्ट येऊ दे, शिवाय दात्यांच्या परवानगीशिवाय हलवता येत नाही, त्यांनी दुसराही कबूल केला आहे. मी बटण बंद करते, आणि नर्स बिचारी वरून हुकूम म्हणून चालू करते. दामूला तरी तिथून हलवू या म्हणून कृष्णाबाईला विनवलं. ती हलू देत नाही. तापलेल्या पोराला गार वाऱ्यातून काढायचं, हे तिला पटत नाही. मोठ्या सायबांनी दिलेल्या वस्तूत वाईट काय असणार, म्हणते. तुझ्यावर तिचा माझ्याहून जास्त विश्वास आहे.

आणि जूनमध्ये ती खाट भूमिकाची. तुझा शब्द, कृष्णमूर्तींचा शब्द.

आजवर तुझी टर उडवली, ती सगळी परत घेते. तू मोठा, तुझं नाव मोठं, मी हेवेखोर. फक्त एक तार कर, "कूलर काढा". एवढंच. पाया पडते.

मथू


होस्पेट
५ जून १९९७

मथुरा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तार करणार नाही.

तुला पुष्पाचे शेवटचे दिवस माहीत नाहीत. तू तेराव्याला आलीस. मे महिना, सरकारी दवाखाना, वीज गेलेली, अंगात ताप. ती सारखी म्हणत होती, वारा घाला हो, जरा वारा घाला. मी पंख्याच्या खोक्याचं झाकण घेऊन वारा घालत होतो. पंखे विकणारा माणूस, आणि बायकोला खोक्याच्या झाकणानं वारा! शेवटी म्हणाली, पुरे आता, तुमचा हात दुखेल. त्यानंतर बोलली नाही.

त्या वाऱ्यात पाप आहे म्हणतेस? पुष्पाच्या नावाच्या वाऱ्यानं पोरं आजारी पडतात? असं कसं होईल? घाण असेल तर ती तिथल्या लोकांच्या हातांची असेल. तूच लिहिलंस ना, कोणी हात धुत नाही म्हणून.

रिपोर्ट नाही, काही नाही, एका पोरसवदा डॉक्टरणीच्या सांगण्यावरून मी तिचं नाव उचलून फेकू? भूमिकाला ॲडमिट करायच्या दिवशी मी स्वतः येतो. तोवर एक स्क्रू हलवायचा नाही.

अण्णा


बनशंकरी, बेंगळूर
१४ जून १९९७

अण्णा,

दामोदर परवा गेला.

रिपोर्ट आला. कूलरच्या पाण्यात जो जंतू, तोच त्याच्या रक्तात. आता कारण अज्ञात नाही. कृष्णमूर्तींनी रिपोर्ट वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. मग मला म्हणाले की दात्यांना हे जरा सांभाळून कळवा. तर सांभाळून कळवते आहे.

वारा तुझा होता, पण त्या वाऱ्यात त्याची खाट मी लावली. आपल्या पोरीला ऊब मिळावी म्हणून दुसऱ्याच्या पोराला मी तिथे नेऊन ठेवलं, आणि वर तुला पत्रात शहाणपण मिरवलं. हे मला आता मरेपर्यंत पुरेल. तुला वेगळं काही लिहीत नाही.

कृष्णाबाई सामान बांधून निघाली तेव्हा कूलरसमोर थांबली. तिला वाचता येत नाही. म्हणाली, अक्का, यावर काय लिहिलंय ते वाचा. मी वाचलं. वहिनीचं नाव आधी वाचलं, मग तुझं. तिनं दोन्ही नावं पुटपुटून पाठ केली आणि पट्टीला हात लावून डोळ्यांना लावला. म्हणाली, "त्या सायबांना सांगा, आमच्या घरात असतं तर पोर पत्र्याखाली भाजून गेलं असतं. गार वाऱ्यात गेलं. लई उपकार झाले." जिभेला हाड नाही म्हणून तू मला जन्मभर बोललास, त्या जिभेला एक शब्द फुटला नाही.

ती गेल्यावर नर्सच्या ट्रेमधली कात्री घेतली आणि तुझ्या हत्तीची वायर कापून टाकली. कोणी अडवलं नाही. २० तारखेला भूमिकाची भरती आहे, खिडकीजवळच्या कोपऱ्यात. मान राखायला यायचं असेल तर ये.

मथुरा


होस्पेट
२० जुलै १९९७

मथू,

भूमिकाचा हा फेरा तापाशिवाय पार पडला, हे गिरीराजकडून कळलं. तिनं फोनवर मला गाणं म्हणून दाखवलं. अर्धं ऐकू आलं. तू म्हणतेस ते खरं, कान गेले आहेत.

भरतीच्या दिवशी लॉरी घेऊन आलो होतो. तू वर होतीस, मी खालीच थांबलो, जिना चढवेना. हमालांनी कूलर उतरवला. पट्टी मी स्वतः काढली. दुसरा कूलर दुकानातच आहे, त्याची पट्टी वितळवायला दिली. कृष्णमूर्तींना लिहिलं की वॉर्डाचे सगळे नळ आणि वरची टाकी मी करून देतो. बसले का ते बघून कळव. त्यावर काही लिहायचं नाही, असं मिस्त्रीला बजावलं आहे. आणि खाटेचं मनाला लावून घेऊ नकोस. ती जागा मीच ठरवली होती, तू तिथला माणूस फक्त बदललास. तुझी नव्हे, माझी ती खाट.

तू पत्ता देणार नाहीस हे माहीत होतं, म्हणून डॉ. भव्यांना विचारून घेतला. गेल्या सोमवारी आनेकलला जाऊन आलो. गावाबाहेर शेवंतीचे मळे, त्याच्या कडेला तिचं पत्र्याचं घर. मी नाव सांगताच ती धावत शेजाऱ्याकडून खुर्ची घेऊन आली. मला बसवलं, पाणी दिलं. पावसाळा म्हणतात, पण आत खरंच भट्टी होती, आपल्या होस्पेटसारखी. मला घाम फुटलेला बघून तिनं ताडाचा पंखा घेतला आणि माझ्या शेजारी उभी राहून वारा घालू लागली. मी नको नको म्हणालो. ती म्हणाली, "तुम्ही माझ्या पोराला घातला, मी तुम्हाला नको घालू?"

उठून पळावंसं वाटलं. पण ते सांगायलाच एवढ्या लांब गेलो होतो. सांगितलं. पाणी, गवत, जंतू, रिपोर्ट, सगळं. तुझं पत्र आलं होतं आणि मी तार केली नाही, तेही सांगितलं. काही लपवलं नाही.

पंखा थांबला. ती रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कोनाड्यात देवाची तसबीर आहे, तिकडे वळली. मग मला विचारलं, "सायब, दामू गेल्यापासून रोज दिवा लावताना मी देवापुढे तुमचं आणि बाईंचं नाव घेते. त्याचं आता काय करू?"

मी हात जोडले आणि निघालो. ती दारात पंखा हातात धरून तशीच उभी होती.

मथू, तू कधी उत्तराला अडली नाहीस. तिला काय सांगायचं ते मला लिही.

तुझा,
अण्णा